शेवटून दुसरा

मराठीतले 'चालवणे' हे क्रियापद फार सोशीक आहे. माणूस घर चालवतो, भिशी चालवतो, सोसायटी चालवतो, वशिला चालवतो आणि यातले काहीच जमले नाही तर निदान तोंड तरी चालवतो. सायकल हा त्यातला सर्वांत साधा प्रकार. पण तोच नेमका माझ्या वाट्याला आला नाही. बोरिवलीला स्टेशनपासून आमच्या इमारतीपर्यंत जो रस्ता आहे, त्यावर रिक्षा, भाजीवाले, वडापावच्या गाड्या आणि त्यांच्यापुढे वडापाव खात उभी असलेली माणसे यांची सोय झाल्यावर जी जागा उरते तिच्यातून सायकल काढणे म्हणजे चालत्या लोकलमध्ये सुईत दोरा ओवणे आहे. तेव्हा सायकलशी माझा संबंध बँकेत येणाऱ्या जुन्या खातेदारांच्या तोंडी 'आमच्या वेळी अठरा मैल सायकल मारत शाळेत जायचो' या वाक्यापुरताच होता.

आणि आज अठ्ठावीस व्यावसायिक सायकलपटूंचा एक आख्खा संघ मी चालवतो आहे. चालवतो म्हणण्यापेक्षा, बुडताना त्याची शेंडी धरून बसलो आहे.

हा संघ खरा नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर आयकर खात्यातला एखादा वाचक उगाच सरसावून बसायचा. तो आमच्या चिरंजीवांच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. 'प्रो सायकलिंग मॅनेजर' नावाचा एक खेळ आहे. फ्रान्समधली एक कंपनी २००१ सालापासून असले सायकल-संघांचे खेळ काढत आली आहे. कंपनीचे नाव सायनाइड. इतके प्रामाणिक नाव मी बाजारात दुसरे पाहिले नाही. आमच्याकडे गृहकर्जाच्या योजनांनासुद्धा 'सपना', 'आशियाना' अशी नावे ठेवतात.

खेळ सायकलचा असला तरी त्यात पेडल मारायचे नसते. खुर्चीत बसून कोणाला नोकरीवर घ्यायचे, कोणाला काढायचे, कोणाला कुठल्या शर्यतीला पाठवायचे, पगार किती द्यायचा आणि वरून पैसे देणाऱ्या कंपनीला काय तोंड दाखवायचे, हे ठरवायचे असते. प्रत्यक्ष शर्यतीत कोणी पुढे सुटायचे, कोणी मागे राहून पाणी आणायचे, हेही आपणच सांगायचे. प्रत्येक गड्याच्या नावापुढे त्याची डोंगर चढण्याची ताकद, सपाटीवरची ताकद, शेवटच्या दोनशे मीटरमधला वेग, दमल्यावर पुन्हा उभे राहण्याची क्षमता, असे सगळे आकड्यांत मांडलेले असते. थोडक्यात, ब्रँच मॅनेजरचे काम. वीसबावीस वर्षे ज्या केबिनकडे काचेबाहेरून पाहत आलो, ती केबिन मला अखेर मिळाली ती रात्री जेवणानंतर, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर. बँकेत माझी प्रगती म्हणाल तर २०२४ च्या वेतन करारानंतर क्लार्कचा 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाला. नाव लांबले, काउंटरपुढची रांग होती तेवढीच राहिली.

चिरंजीवांनी संघ माझ्या हवाली केला तो औदार्याने नव्हे. दोन हंगाम त्यांनी स्वतः तो चालवला, सगळी शिल्लक एका महागड्या इटालियन गड्यावर उडवली, त्या गड्याने पडून हासळीचे हाड मोडून घेतले, आणि मग दहावीचे कारण सांगून साहेबांनी चार्ज सोडला. मी चार्ज घेतला तेव्हा संघ वीस संघांत एकोणिसावा होता. शेवटून दुसरा. वर राहणार होते अठरा.

इथे वाचकांना घसरणीचा हा मामला समजावून सांगितला पाहिजे. मुंबईकराला तो जड जाऊ नये. १९४८ साली सुरू झालेली आपली कांगा लीग घ्या. भर पावसाळ्यात, ओल्या मैदानावर चालणारी ही क्रिकेट स्पर्धा, 'ए' पासून 'जी' पर्यंत सात गट. वरच्या गटात तळाला राहिलात की पुढच्या वर्षी खाली. खालच्या गटात डोके वर काढलेत की वर. त्यामुळे तळाच्या दोन संघांतला सामना फायनलपेक्षा जास्त ईर्ष्येने खेळला जातो. करंडकासाठी माणूस खेळतो, पण अब्रूसाठी लढतो.

ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी बँकेचे उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेची 'प्रॉम्प्ट करेक्टिव्ह ॲक्शन' नावाची एक व्यवस्था आहे. बँकेची थकीत कर्जे वाढली, भांडवल रोडावले की रिझर्व्ह बँक तिला बाकावर उभे करते: हे करू नको, ते करू नको, आधी तब्येत सुधार. २०१७ साली बँक ऑफ महाराष्ट्र आणि देना बँक या दोन्ही बँका अशा बाकावर उभ्या होत्या. पहिली जानेवारी २०१९ मध्ये बाकावरून खाली उतरली. दुसरी १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एकाच वर्गातली दोन मुले, एक पास झाले आणि दुसऱ्याचे आडनाव बदलले.

सायकलच्या दुनियेतही हेच. तिथल्या वरच्या वर्गाला 'वर्ल्ड टूर' म्हणतात. जागा अठरा. तीन वर्षे संघांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज करायची. पहिले अठरा आत, बाकीचे बाहेर. २०२० ते २०२२ हा पहिला फेरा, २०२३ ते २०२५ हा दुसरा. आत असलेल्यांना जुलैतल्या टूर द फ्रान्ससकट सगळ्या मोठ्या शर्यतींचे आमंत्रण हक्काने मिळते. बाहेरच्यांना बहुतेक वेळा पत्रिकेची वाट पाहावी लागते. आणि पत्रिका नाही आली तर संघच बसतो, कारण या खेळात तिकीटविक्री नाही. मैदानच नाही, तर गेट कुठले लावणार? लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून फुकट बघतात. संघ जगतो तो पुरस्कर्त्याच्या पैशावर. पुरस्कर्ता देतो ते आपले नाव जुलै महिन्यात तीन आठवडे टीव्हीवर दिसावे म्हणून. संघाचे नावच मुळी पुरस्कर्त्याचे असते. पुरस्कर्ता बदलला की संघाचे बारसे पुन्हा.

या पुरस्कर्त्यांत बँकांचा भरणा पाहून माझी छाती फुगली होती. स्पेनमध्ये बानेस्तो नावाची एक मोठी बँक होती. तिच्या संघातल्या मिगेल इंदुराइनने १९९१ ते १९९५ अशी ओळीने पाच वर्षे टूर द फ्रान्स जिंकली. आता गंमत बघा. १९९३ च्या डिसेंबरात या बँकेच्या ताळेबंदात एवढे मोठे भोक सापडले की तिथल्या रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ घरी पाठवून कारभार आपल्या हाती घेतला. आणि त्याच बँकेचे नाव छातीवर लावून इंदुराइनने पुढची दोन वर्षे टूर जिंकली. बँक आयसीयूमध्ये आणि बँकेची जाहिरात घाटमाथ्यावर! कोफिडिस ही घरबसल्या कर्ज देणारी फ्रेंच कंपनी. तिचा संघ १९९७ पासून शर्यतीत आहे. २०२५ च्या अखेरीस तो वरच्या वर्गातून खाली घसरला. कर्ज देणाऱ्यालाही कधीतरी हप्ता चुकतो, हे वाचून आमच्या कर्ज विभागातल्या मंडळींना फार बरे वाटले.

असो. संघ एकोणिसावा होता आणि वाचवायचा होता. चिरंजीवांचा सल्ला 'बाबा, एखादी मोठी रेस मारा' असा होता. तरुण रक्त मोठी रेस मारायला बघते. मी बी.कॉम. झालेला माणूस. मी आधी गुणांचा तक्ता काढून बसलो.

तक्ता वाचता वाचता मला जो आनंद झाला तो थेट पासबुकात चुकून जमा झालेले व्याज बघितल्यासारखा होता. २०२२ पर्यंतचे गुण काय होते ऐका. टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला, म्हणजे जगातले सगळे रथी-महारथी मागे टाकून, कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत पहिले आलात, तर गुण १२०. आणि बेल्जियममधल्या एखाद्या गावात, चर्चला चार प्रदक्षिणा घालून संपणारी, प्रेक्षकांत निम्म्या गाई असलेली दुसऱ्या प्रतीची एकदिवसीय शर्यत जिंकलीत तर गुण १२५! हे कळल्याबरोबर बुडणारे संघ आपले मोहरे मोठ्या शर्यतींतून काढून या गावजत्रांना पाठवू लागले. लोटो नावाच्या बेल्जियन संघाने आर्नो द ली या वीस वर्षांच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला असा जत्रेजत्रेला फिरवला. पोराने त्या एका हंगामात नऊ शर्यती जिंकल्या. इस्राएल-प्रीमियर टेक या दुसऱ्या संघाने मात्र खुद्द टूर द फ्रान्समध्ये दोन टप्पे मारले. आणि तरीही २०२२ च्या अखेरीस खाली कोण गेले? लोटो आणि इस्राएल. पुढे २०२३ पासून तक्ता सुधारला, टूरच्या टप्प्याला २१० गुण झाले. पण तत्त्व राहिले ते राहिलेच. आस्ताना हा संघ २०२५ चा हंगाम सुरू होताना धोक्याच्या रेषेच्या बराच खाली होता. देशोदेशीच्या लहानमोठ्या शर्यतींतून दाणा दाणा वेचून वर्षअखेर तो सुखरूप वर आला.

म्हणजे वाचण्याचा मार्ग लॉटरीचा नव्हे, रिकरिंग डिपॉझिटचा. आणि त्या बाबतीत मध्यमवर्गीय मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. मी ताबडतोब संघाचे तीन तुकडे केले आणि नकाशात भिंग घेऊन शोधावी लागतील अशा गावांना पाठवून दिले. हुकूम एकच: जिंकायच्या भानगडीत पडून आपटू नका, पहिल्या दहात या. जानेवारीत स्पेनच्या मायोर्का बेटावर ओळीने रोज एक स्वतंत्र शर्यत असते. तिथे तर मी पोरांना सीझन तिकीटच काढून दिले.

रात्री अकराला माझा चेहरा उजळलेला पाहून सौ. विचारायची, "जिंकलात वाटतं?"

"आठवा आला."

"मग पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड का केलंय?"

"अगं, काल नववा होता."

यावर ती काही बोलत नसे. आमच्या घरी आठव्या नंबरावर बोलणे टाळावे असा एक अलिखित करार आहे. चिरंजीवांच्या प्रगतिपुस्तकामुळे तो झाला.

मार्चअखेर आम्ही अठरावे झालो. खाती बंद होण्याच्या दिवसांत बँकेत मान वर करायला फुरसत नव्हती, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या मी मनातल्या मनात गुणांची बेरीज करत असे. कारण आता दुसराच प्रश्न उभा राहिला होता. त्या प्रश्नाचे नाव काका.

काका हे नाव मी ठेवलेले. आमच्या संघातला हा एक बेल्जियन गडी, वय सदतीस. या धंद्यात सदतीस म्हणजे आपल्याकडचे एकोणसाठ वर्षे अकरा महिने. डोंगरात बेताचा, सपाटीवर बरा, शेवटच्या धावेत शून्य. दोन हंगामांत मिळून गुण: नऊ. ते नऊ कसे मिळाले हे त्यालाही सांगता आले नसते. त्याचे काम पाणक्याचे. शर्यतीत संघाची मोटार मागून येत असते. काकाने वेग कमी करून तिच्यापर्यंत मागे जायचे, सातआठ बाटल्या अंगरख्यात पुढेमागे कोंबायच्या, आणि ते वजन घेऊन सगळ्या घोळक्याला कापत पुन्हा पुढे येऊन पोरांना वाटायच्या. तास झाला की पुन्हा तेच. फ्रेंच लोक अशा गड्याला 'डोमेस्टिक' म्हणतात. म्हणजे घरगडी.

पाण्याहून मोठे त्याचे दुसरे काम म्हणजे वारा खाणे. सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा. पुढे एकजण असला की त्याच्या आडोशाने येणाऱ्याची जवळजवळ एक-तृतीयांश ताकद वाचते. ज्यांना हे शास्त्र पटत नसेल त्यांनी संध्याकाळी सव्वासहाला अंधेरी स्टेशनच्या पुलावर जावे. तिथे जाणकार माणूस स्वतः गर्दीत घुसत नाही. तो एखादे भरभक्कम गृहस्थ हेरतो आणि त्यांच्या पाठीला पाठ नव्हे, नाक लावून चालू लागतो. गृहस्थ कोपरे खातात, शिव्या खातात. मागचा इस्त्री न मोडता चार नंबरला पोचतो. काका म्हणजे ते भरभक्कम गृहस्थ. दीडशे किलोमीटर वारा त्याने खायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरला त्याच्या पाठीमागून ताजेतवाने बाहेर पडून आमच्या पोराने आठवे यायचे. गुण पोराला. काकाच्या नावापुढे त्या दिवशीही शून्य.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' असा किताब आहे. झक्कास किताब. पण राजाला खोपोलीपर्यंत सावलीत कोणी आणले, याचा किताब नाही. प्रधानसुद्धा म्हणत नाहीत बिचाऱ्याला.

त्यातून डोंगराचा दिवस आला की काकाची तिसरी नोकरी सुरू होते. सपाटीवर धावणारे जाडजूड गडी घाटात मागे पडतात. पण मागे पडून आरामात येता येत नाही. पहिल्या आलेल्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून एक मुदत काढतात. त्या मुदतीत पोचला नाहीत तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून हे सगळे मागासलेले, कुठल्याही संघाचे असोत, एकत्र येऊन एक टोळी करतात आणि हिशेबाने, एकमेकांना ओढत, मुदतीच्या दोनचार मिनिटे आधी शिखर गाठतात. या टोळीला तिकडे 'ऑटोबस' असेच नाव आहे. आणि बसला लागतो ड्रायव्हर, ज्याला उरलेले अंतर, उरलेली वेळ आणि उरलेली ताकद यांचे त्रैराशिक तोंडपाठ आहे. आमच्या बसचे ड्रायव्हर काका.

बस चुकलीच तर? तर एक शेवटची तरतूद आहे. सगळी बसच उशिरा आली तर पंच विचारात पडतात, कारण एवढ्यांना घरी पाठवले तर उद्या शर्यत खेळणार कोण! २०११ च्या टूरमध्ये गालिबियेच्या घाटात ऐंशीहून जास्त गडी मुदतीनंतर पोचले. सगळ्यांना ठेवून घेतले. त्यात मार्क कॅव्हेंडिश होता; त्याचे वीस गुण कापले, आणि तरी शेवटी गुणांचा हिरवा जर्सी त्यानेच नेला. हे वाचून मला परदेशी खेळ वाचतोय असे वाटेना. विरारहून येणारी गाडी दहिसरला अर्धा तास थांबली की आमच्या शाखेत एकदम सहाजण साडेदहाला शिरतात. एकटा उशिरा आला तर तो कामचुकार; सहा आले तर ती पश्चिम रेल्वे. उशीर करावा तर तो संघटितपणे, हे सत्य आल्प्सपासून दहिसरपर्यंत सारखेच लागू आहे.

तर या काकाचा करार ऑक्टोबरात संपत होता. मी सवयीप्रमाणे तक्ता केला: एका रकान्यात पगार, दुसऱ्यात गुण, तिसऱ्यात दर गुणामागे खर्च. काकाच्या ओळीला तिसऱ्या रकान्यात असा आकडा आला की रकाना रुंद करावा लागला. चिरंजीव खांद्यावरून बघत होते.

"बाबा, ह्याला काढा. ह्याच्या पगारात दोन नवीन पोरं येतील. दोघं मिळून दीडशे पॉइंट्स सहज काढतील."

"आणि पाणी?"

"पाण्याला पॉइंट्स नसतात, बाबा."

मुलगा कॉमर्सला जाणार हे त्या क्षणी नक्की झाले.

मी करारावर बोट ठेवून बसलो होतो, आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या शाखेतही एक तक्ता आला. तक्ते असेच येतात, एकटे येत नाहीत. जवळजवळच्या शाखा एकत्र करायचे चालले होते आणि कोण कुठे जाणार हे ठरवण्यासाठी वरून प्रत्येकाच्या नावापुढे 'व्यवसाय' मागवला होता: किती विमा पॉलिसी खपवल्या, किती कार्डे दिली, किती नवी खाती आणली. आमच्या शाखेत पेन्शनच्या काउंटरवर एक ज्येष्ठ सहकारी बसतात. वय सत्तावन्न. त्यांच्या नावापुढे पहिला रकाना शून्य, दुसरा शून्य, तिसऱ्यात दोन. आणि ती दोन खातीही त्यांच्या शेजाऱ्यांची.

हे गृहस्थ दिवसभर काय करतात ते सांगतो. नोव्हेंबरात हयातीचे दाखले असतात. म्हणजे पेन्शनरने स्वतः येऊन, मी जिवंत आहे, असे सरकारला कळवायचे. आता हे अंगठ्याच्या ठशावर यंत्राने होते. पण पंच्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंचा ठसा भांडी घासून घासून पुसलेला असतो आणि यंत्र म्हणते, ही बाई नाही. समोर बाई उभी! मग आमचे सहकारी उठतात, आजींना खुर्ची देतात, ओल्या फडक्याने अंगठा पुसतात, डावा लावतात, उजवा लावतात, मधले बोट लावतात, आणि सातव्या खेपेला आजी जिवंत असल्याचे दिल्लीला पटवून देतात. जाताना आजी विचारतात, "बाळा, पुढच्या वर्षी तू असशील ना?" खरे तर हा प्रश्न उलट दिशेने विचारायचा असतो. या कामाला रकाना नाही. मागल्या वर्षी ते पंधरा दिवस रजेवर होते, तेव्हा पेन्शनची रांग जिना उतरून शेजारच्या मेडिकलच्या दुकानात शिरली आणि विमा खपवणाऱ्या आमच्या तरबेज पोरांना दोन आठवडे एकही पॉलिसी खपवता आली नाही. ती पोरे गर्दी आवरत होती. दोन आठवडे सगळ्यांनीच वारा खाल्ला. पण तक्त्यात 'रजेमुळे झालेली गैरसोय' असाही रकाना नव्हता.

त्यांची बदली मुलुंडला झाली. राहायला बोरिवली. नकाशात बघाल तर मध्ये फक्त जंगल आहे. पण जंगलातून लोकल जात नाही. दादरपर्यंत उतरायचे, पूल ओलांडायचा, पुन्हा वर चढायचे. आम्ही साहेबांना भेटलो. साहेब भले गृहस्थ; म्हणाले, "मला समजतंय हो, पण वर दाखवू काय? तक्त्यात काही दिसत नाही." निरोपसमारंभात नेहमीचे समोसे झाले. सहकाऱ्यांनी भाषण केले नाही. त्यांनी खिशातून एक वही काढली आणि माझ्याकडे दिली. तीत ज्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही अशा सत्तेचाळीस पेन्शनरांची यादी होती, आणि प्रत्येकापुढे कुठले बोट चालते ते लिहिले होते.

त्या रात्री मी काकाचा करार एका वर्षाने वाढवला. बँकेत माझ्या हातात फक्त शिक्का आहे. इथे पेन होते. पगारही थोडा वाढवला. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

हंगाम संपला. आम्ही एकोणिसावे. अठराव्या संघात आणि आमच्यात बासष्ट गुणांचा फरक. चिरंजीवांनी लगेच ती दोन पोरे, ते दीडशे गुण असा हिशेब मांडून दाखवला. हिशेब बरोबर होता. फक्त त्या पोरांना पाणी कोणी आणून दिले असते, हा खर्च त्यात धरलेला नव्हता. पुरस्कर्त्याचे पत्र आले: पुढच्या वर्षी पैसे कमी. महाग गडी सोडून गेले. मी खालच्या वर्गाचा संघचालक झालो.

खाली येऊन पाहतो तर खाली तशी वस्ती चांगली आहे. २०२२ साली घसरलेले ते दोघे आठवतात ना, लोटो आणि इस्राएल? दोघेही २०२३ च्या टूर द फ्रान्सला होते. खालच्या वर्गात वरच्या नंबरांत आलात की आमंत्रण मिळू शकते. आणि २०२६ च्या हंगामाला दोघेही पुन्हा वरच्या वर्गात. एक नाव बदलून, दुसरा इंटरमार्शे नावाच्या संघाशी विलीन होऊन. विलीनीकरण हा शब्द वाचून मी क्षणभर दचकलो, पण धंद्याची रीत सगळीकडे एकच.

सध्या आम्ही घाटातल्या एका शर्यतीत आहोत. काका आता अडतीस वर्षांचा आहे. काल फार चढ होता. पुढे कोण जिंकले ते मी बघितलेसुद्धा नाही. मी मागची बस बघत होतो. मुदत संपायला तीन मिनिटे असताना ती वळणावर दिसली. सगळ्यांत पुढे, वाऱ्यात, काका. मोजून बघितले, आमचे सातच्या सात गडी मागे होते.

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "कितवा आला आज?"

"एकशे चारावा."

क्षणभर शांतता. मग तिने विचारले, "पण सगळे पोचले ना?"

"पोचले."

"मग या जेवायला."